पान एकसष्ट

मे महिना, दुपारचे दोन.
मोर्शीच्या अलीकडं, फिरोजच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात
शटर अर्धं खाली, कूलरला वाळ्याची नवी ताटी,
तांब्याच्या तारेचे गुंडे बाजूला सारून
टेबलावर पुन्हा तेच झेरॉक्सचं बाड.
सत्तावीस वर्षांनी.
पिना गंजल्यात, पहिल्या पानावर माझंच अक्षर :
"खेळ सांगणाऱ्याशिवाय कोणी उघडू नये. नाक कापू."

दहा बाजूंचा एक फासा नागपूरच्या होस्टेलातला.
दुसरा तेव्हाच हरवला,
त्याच्या जागी कुंदानं आणलेली
इंजेक्शनच्या बाटल्यांची दहा रबरी बुचं, शून्य ते नऊ.
सातच्या बुचाची कड उंदरानं कुरतडलीय.
सात आला की बोटांना आधी कळतं.

गोष्ट एका थंड देशातल्या बंदराची.
धुकं, दीपगृह, माशांचा वास,
आणि पाण्यातून वर येणारं काहीतरी, ज्याला नाव नाही.
आमच्यात समुद्र कोणीच पाहिला नव्हता.
धुकं म्हणजे जिनिंगच्या दारातला कापसाचा भुरका,
दीपगृह म्हणजे सबस्टेशनचा लाल दिवा,
समुद्र म्हणजे धरण, दुसरं काय!
शहाणपणाचे गुण प्रत्येकाला साठ-सत्तर.
भेव दिसलं की फासा टाकायचा, हरलं की गुण कापायचे.
फिरोजचा पाद्री तिसऱ्याच रात्री वेडा झाला;
आठ दिवस त्यानं आम्हाला चहा पाजला नाही.

नरहरीचा डिटेक्टिव्ह तेवढा टिकला.
कागदावर पेन्सिलीनं : वय पंचेचाळीस, गुडघा दुखतो.
कुंदा वाचते, हसते,
"माय वं, किती म्हातारा केला होता बे तू त्याले!"
नरहरी गुडघ्यावरचा हात काढत नाही.

तो बुडालेल्या गावात उतरला, त्या रात्री
लाइन गेलेली, कंदील,
आणि बाडात साठनंतर थेट बासष्ट.
झेरॉक्सवाल्यानं एक पान खाल्लं होतं.
मला थांबायचं नव्हतं. सुचेल ते सांगत गेलो :
पाण्याखाली पार, पाराला लोखंडी कडं,
शाळेच्या भिंतीवर ज्ञपर्यंत न पोचलेली बाराखडी,
एका दारावर खडूनं आकडा, एकशे चौदा.
नरहरी उठला, चपला न घालता गेला.
आम्ही हसलो.
तो त्यांच्या घराचा आकडा होता,
धरणाखाली जाण्याआधी साहेबानं घातलेला.
मी कुठं पाहिला असेन, आजही आठवत नाही.

पुढं तो लाइनमन झाला.
कुठल्याही खांबावर चढतो.
नदीत पाय घालत नाही.

आता भाच्यानं अख्खं पुस्तक मोबाइलवर दिलंय.
एकसष्टावं पान मी काल रात्री वाचलं.
ओला जिना. एक कुलूप. चावी पान चाळीसवर.
बस, एवढंच.

मोबाइल पुढं केला, तर नरहरीनं उलटा ठेवला.
"ते राहू दे. तू सांग, तुया तोंडानं."
मग लगेच, "थांब. मीच सांगतो."

पाराच्या उत्तरेला चक्की, पट्टा सुटलेली.
एकशे तेराचं दार निळं.
एकशे चौदात उतरंड,
सगळ्यात खालच्या मडक्यात माह्या गोट्या.
ट्रॅक्टरवाला थांबला नाही.
"यंदा पाणी लय उतरलं. पाराचं कडं वर आलं म्हणते लोकं.
मी नाही गेलो पाहाले."

कूलरमधलं पाणी संपलंय, पंप कोरडा खरखरतो,
कोणी उठत नाही.
बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
आमच्याकडं भुतं दुपारचीच निघतात,
रात्री त्यांनाही झोप लागते.

शहाणपण बारा उरलेलं.
"बारात काय होते बे," फिरोज म्हणतो, "राहू दे, उद्या खेळू."
नरहरीनं फासा टाकलाय. एक.
म्हणजे बूच दोनच्या वर नको.
तो डब्यात हात घालतो, एक काढतो,
मूठ उघडत नाही.
आत त्याचा अंगठा कडेकडेनं फिरतो आहे,
फिरतो,
थांबतो.